विश्लेषण : पाळी बारा तासांची, मग ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे गेले कुठे?

भिवंडीच्या यंत्रमागावर पाळी किती तासांची, असे विचारले की उत्तर एकच मिळते : बारा. एक दिवसाची, एक रात्रीची. शहर, शहराला खेटून वाडा रस्त्यावर असलेले शेलार, आजूबाजूची गावे, सगळीकडे मागाच्या कारखान्यांचे वेळापत्रक असेच आहे. यातले आठ तास कामाचे आणि उरलेले ओव्हरटाइमचे, अशी फोड मात्र क्वचितच कुणी करतो. बारा तासांना इथे ‘ओव्हरटाइम’ म्हणत नाहीत, ‘ड्युटी’ म्हणतात. दुप्पट पैशांचा हक्क या एका शब्दाखाली दडून जातो.

हा विषय आज महत्त्वाचा आहे, कारण कामाच्या तासांचे कायदे नुकतेच बदलले आहेत. राज्य मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कामाचे तास वाढवण्यास मंजुरी दिली. पाठोपाठ २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यामुळे ‘आता बारा तास कायदेशीर झाले’ असा समज मालक आणि कामगार दोघांतही पसरतो आहे. तो किती खरा आहे, ओव्हरटाइम कधी द्यावाच लागतो आणि तो कसा मोजायचा, ते पाहू.

ओव्हरटाइम सुरू कधी होतो?

व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० दिवसाचे काम आठ तासांचे ठरवते. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही, म्हणजे आठवड्याचे ४८ तास. ठरलेल्या तासांपुढे काम झाले की त्या जादा वेळेसाठी मजुरीच्या दुप्पट दराने पैसे द्यायचे, असे याच संहितेचे कलम २७ सांगते.

या कलमातल्या दोन गोष्टी फारशा कुणाला माहीत नसतात. पहिली, जादा वेळ दिवसाच्या हिशेबाने मोजायचा की आठवड्याच्या, हे मालकाच्या मर्जीवर नाही. दोन्हींपैकी कामगाराच्या फायद्याचा हिशेब धरायचा. सोमवारी अकरा तास काम घेतले आणि शनिवारी पाच तासांतच सोडले, तर ‘आठवड्याची बेरीज ४८ च झाली’ असे म्हणून सोमवारचे जादा तास पुसता येत नाहीत. दुसरी, ओव्हरटाइमला कामगाराची संमती लागते. ‘थांबायचे नसेल तर उद्यापासून येऊ नको’ ही संमती नव्हे.

एकेकाळी हेच नियम १९४८ च्या कारखाना कायद्यात होते : दिवसाला कमाल नऊ तास, आठवड्याला ४८, त्यापुढे दुप्पट. दुप्पट दर ही नव्या संहितांची देणगी नाही. तो सत्तर वर्षांहून जुना आहे.

‘आमच्याकडे वीस कामगारच नाहीत’

भिवंडीत ही सबब सर्वांत जास्त ऐकू येते. विजेवर चालणारा कारखाना ‘कारखाना’ ठरायला पूर्वी दहा कामगार पुरत. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने ही संख्या वीसवर नेली आणि नव्या संहितेनेही वीसच ठेवली. एक कामगार सहा-आठ माग सांभाळतो. चोवीस मागांच्या शेडला दोन पाळ्यांचे मिळून सहा-आठ विणकर, एखादा जॉबर, एखादा कांडीवाला, एवढीच माणसे लागतात. एका छपराखालचे माग कागदावर भावाच्या, बायकोच्या, मुलाच्या नावाने वाटले की प्रत्येक तुकडा आणखी लहान दिसतो.

पण वीसचा आकडा ‘कारखान्या’ची व्याख्या ठरवतो, ओव्हरटाइमचा हक्क नव्हे. कलम २७ ‘आस्थापना’ हा शब्द वापरते आणि आस्थापनेसाठी दहा कामगार पुरेसे आहेत. दहाहून कमी असतील तरी वेतन संहिता, २०१९ उरते. तिला कामगारसंख्येची अट नाही. ज्या कामाचे किमान वेतन तासावर, दिवसावर किंवा त्याहून मोठ्या काळावर ठरलेले आहे, त्या कामात नेहमीच्या तासांपेक्षा जास्त वेळ राबवले तर दुप्पटीपेक्षा कमी दर चालणार नाही, असे तिचे कलम १४ म्हणते. यंत्रमाग उद्योग महाराष्ट्राच्या किमान वेतनाच्या यादीत आहे. तेव्हा संख्या कमी आहे म्हणून पैसे नाहीत, हा युक्तिवाद टिकत नाही.

मीटरवर काम करणाऱ्याला ओव्हरटाइम असतो का?

असतो. हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण भिवंडीतला विणकर बहुधा पगारावर नसतो. जेवढे मीटर कापड विणले, तेवढे पैसे. मग ‘जास्त वेळ थांबला तर जास्त कापड, जास्त कापड तर जास्त पैसे, ओव्हरटाइम कसला?’ असे विचारले जाते.

१९४८ च्या कारखाना कायद्यातच याचे उत्तर होते. नगावर किंवा मापावर काम करणाऱ्या कामगाराची मागच्या महिन्याची रोजची सरासरी कमाई, ओव्हरटाइम वगळून, काढायची. तीच त्याची दिवसाची मजुरी मानायची आणि जादा तासांचा दर त्यावरून ठरवायचा. वेतन संहिताही मापाच्या कामाला किमान वेतनाच्या खाली जाऊ देत नाही. मापाचा वेगळा किमान दर ठरलेला नसेल, तर वेळेनुसार ठरलेले किमान वेतन तरी द्यावेच लागते.

ढोबळ हिशेब करून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. बारा तासांच्या पाळीत जेवण-चहाचा मिळून एक तास सोडला, तर प्रत्यक्ष काम अकरा तास. समजा विणकराला मीटरच्या हिशेबाने दिवसाला ७७० रुपये पडले. म्हणजे तासाला ७० रुपये. आठ तासांपुढचे तीन तास जादा. त्या तीन तासांत विणलेल्या कापडाचे पैसे त्याला मिळाले आहेत, पण एकपटच. दुसरी पट बाकी आहे : तीन गुणिले ७०, म्हणजे रोजचे २१० रुपये. सव्वीस दिवसांचे ५,४६०. ही रक्कम कुणी उचलून नेली असे कुठल्याही वहीत दिसत नाही, कारण ती वहीत कधी लिहिलीच गेली नाही.

पगारी कामगाराचा हिशेब

भिवंडीत आता केवळ माग नाहीत. शहराभोवतीच्या गावांत गोदामे उभी राहिली आहेत. मोबाइलवर मागवलेली वस्तू तिथूनच निघते. सणासुदीच्या सेलमध्ये तिथल्या पाळ्या लांबतात. तिथला हिशेब मापाचा नसून महिन्याच्या पगाराचा असतो.

समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये. सव्वीस दिवसांनी भागले तर रोज ६००. आठ तासांनी भागले तर तासाला ७५. ओव्हरटाइमचा दर दुप्पट, म्हणजे तासाला १५०. रोज दोन तास जादा थांबवले तर दिवसाला ३०० आणि सव्वीस दिवसांत ७,८०० रुपये.

इथे एक खाचखळगा आहे. पगारातला मोठा भाग घरभाडे, प्रवास आणि ‘इतर’ भत्त्यांत दाखवायचा, मूळ वेतन लहान ठेवायचे आणि त्या लहान आकड्यावर ओव्हरटाइम काढायचा, ही जुनी युक्ती. वेतन संहितेने तिला लगाम घातला आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम परत वेतनात धरायची. एकूण ३०,००० पैकी मूळ वेतन आणि महागाई भत्ता १२,००० आणि भत्ते १८,००० असतील, तर निम्म्यावरचे ३,००० वेतनात येतील आणि ओव्हरटाइम १२,००० वर नव्हे, १५,००० वर निघेल.

पगारचिठ्ठी हातात असेल तर हा हिशेब कुणालाही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येतो. ती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

मग बारा तास कायदेशीर झाले की नाही?

राज्य मंत्रिमंडळाच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्णयात कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तास, तर वीस किंवा अधिक कामगारांच्या दुकाने-आस्थापनांत नऊवरून दहा तास करण्याचे ठरले. ओव्हरटाइमची तीन महिन्यांची मर्यादा कारखान्यांत ११५ तासांवरून आणि दुकाने-आस्थापनांत १२५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचे ठरले. कामगाराची लेखी संमती आवश्यक ठेवली. दुप्पट दराला हात लावला नाही.

आता हा १४४ चा आकडा भिवंडीच्या पाळीला लावून पाहा. रोज अकरा तास काम, म्हणजे आठवड्याला ६६. त्यातून ४८ वजा केले तर आठवड्याला १८ तास जादा. तीन महिन्यांचे तेरा आठवडे धरले तर २३४ तास. वाढवलेली मर्यादा १४४. नव्वद तास तरीही बाहेर!

म्हणजे एखाद्या दिवशी, मालाची घाई असताना, संमतीने आणि दुप्पट पैसे देऊन बारा तासांची पाळी चालू शकेल. पण वर्षाचे बारा महिने, रोजची ठरलेली पाळी म्हणून बारा तास, हे नव्या वाढीव मर्यादेतही बसत नाही. कायदा मालकांच्या बाजूने सैल केल्यानंतरही भिवंडीची रोजची पाळी कायद्याबाहेरच राहते. ‘आता बारा तास कायदेशीर झाले’ म्हणणाऱ्यांनी एवढी एक वजाबाकी करून पाहावी.

मर्यादेबाहेर काम घेतले म्हणून त्या तासांचे पैसे बुडवता येतात, असाही याचा अर्थ नाही. मर्यादा कामगाराच्या शरीरासाठी आहे. ती मोडल्याची जबाबदारी मालकाची. केलेल्या कामाचे मोल कामगाराचे.

दुप्पटच का? दीडपट का नाही?

‘जास्त थांबला म्हणून बक्षीस’ अशी ओव्हरटाइमची समजूत आहे. कायद्याचा हेतू वेगळा आहे. दुप्पट दर हा मालकाला लावलेला आकार आहे, की एकाच माणसाला पिळण्यापेक्षा दुसरा माणूस कामावर घेणे त्याला परवडावे. यामागचा इतिहास महाराष्ट्राच्या मातीतला आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८८४ मध्ये मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. सूर्यास्तापर्यंतचे काम ही तेव्हा मागणी होती, यावरून आधीची स्थिती कळते. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ मधल्या पहिल्याच कराराने जगाला दिवसाचे आठ आणि आठवड्याचे ४८ तास सांगितले, ब्रिटिश हिंदुस्थानला मात्र ६० तासांची सवलत दिली. त्या करारात ओव्हरटाइमचा किमान दर सव्वापट होता. १९२२ च्या कायद्याने आपल्याकडे आठवड्याचे ६० तास आणले, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ५४. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम सदस्य असतानाच्या काळात ४८ तासांचे विधेयक आले आणि १९४६ मध्ये ते कायद्यात उतरले. स्वतंत्र भारताने १९४८ च्या कायद्यात ४८ तास आणि दुप्पट दर दोन्ही कायम केले. सव्वापटीवर न थांबता दुप्पटीवर जाण्यात शहाणपण होते. ते भिवंडीच्या मागावरच पडताळून पाहता येते.

दोन पाळ्या स्वस्त की तीन?

कायद्याप्रमाणे पैसे दिले तर बारा तासांची एक पाळी मालकाला किती तासांच्या मजुरीला पडते? आठ तास एकपटीने, तीन तास दुपटीने : आठ अधिक सहा, चौदा तासांची मजुरी. दोन पाळ्यांची अठ्ठावीस तासांची. त्या बदल्यात माग चालतो बावीस तास.

तीन पाळ्या लावल्या तर? प्रत्येकी आठ तासांची मजुरी, एकूण चोवीस तासांची. प्रत्येक पाळीत अर्धा तास विश्रांती वजा केली तरी माग साडेबावीस तास चालतो. म्हणजे खर्च कमी आणि माग थोडा जास्तच चालतो. शिवाय तिसऱ्या माणसाला काम मिळते आणि रात्री अकराव्या तासाला डुलकी लागून शटलपाशी हात जाण्याचा धोका कमी होतो.

दुप्पट दर खरोखर दिला गेला, तर बारा तासांची पाळी परवडणार नाही. ती परवडते, कारण दुसरी पट दिलीच जात नाही.

पण कामगारालाच जास्त तास हवे असतात, त्याचे काय?

हा आक्षेप खोटा नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कामगार इथे कुटुंबाशिवाय राहतो. खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे वजा जाता उरेल ते गावी पाठवायचे असते. उद्या पाळी आठ तासांची केली आणि मीटरचा दर तोच ठेवला, तर त्याची कमाई एक चतुर्थांशाहून जास्त घटेल. आठ तासांच्या पाळीला पहिला विरोध तोच करील.

मालकाचीही बाजू आहे. भिवंडीतले अनेक मागवाले स्वतःचे कापड विकत नाहीत. व्यापारी सूत देतो, ते मजुरीवर विणून द्यायचे, मीटरमागे ठरलेले पैसे घ्यायचे. वीज महागली, मंदी आली, तरी मजुरीचा दर व्यापारी ठरवणार. त्या दरात कामगाराचा ओव्हरटाइम कधी धरलेलाच नसतो.

दोघांची अडचण खरी, पण तिचे मूळ एकच आहे : आठ तासांच्या कामात पोट भरेल एवढा मापाचा दर मिळत नाही. त्यामुळे कामगाराची ‘संमती’ ही पसंती नसून नाइलाज असतो. यावरचा उपाय तास वाढवणे हा नाही. आठ तासांची कमाई किमान वेतनाच्या खाली जाणार नाही असा मापाचा दर ठरवणे आणि कापड विणून घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या दरात तो मोजायला लावणे, हा आहे. मागवाल्यांच्या संघटनांनीही सरकारकडे केवळ वीज सवलत मागू नये, ही मागणी त्यांच्याही हिताची आहे. कायदा पाळणारा मागवाला आज न पाळणाऱ्याशी दराच्या स्पर्धेत हरतो.

न्यायालयाने काय म्हटले आहे?

करोनाकाळात गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना कामाच्या तासांच्या नियमांतून सूट दिली आणि जादा तासांचे पैसे दुपटीऐवजी नेहमीच्या दराने द्यावेत, असे ठरवले. गुजरात मजदूर सभेने त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी त्या अधिसूचना रद्द केल्या. आर्थिक मंदीला कायद्यातली ‘सार्वजनिक आणीबाणी’ मानता येत नाही, आणि माणुसकीला धरून कामाची स्थिती व ओव्हरटाइमचे पैसे नाकारणे हे जगण्याच्या हक्कावर आणि वेठबिगारीविरुद्धच्या हक्कावर आघात आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. दरम्यान ज्यांनी जादा काम केले होते त्यांना कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम देण्याचाही आदेश दिला.

देश ठप्प असतानाही जी सूट मान्य झाली नाही, ती ‘आमच्याकडे पद्धतच अशी आहे’ एवढ्या कारणावर कशी मान्य होईल?

नेहमीच्या सबबी आणि त्यांची उत्तरे

‘तू ठेकेदाराचा माणूस आहेस, त्याच्याकडे माग.’ कंत्राटी कामगाराचे पैसे देणे ठेकेदाराचे काम, हे बरोबर. पण त्याने दिले नाहीत तर मूळ मालकाने द्यायचे आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचे. जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होते, नव्या संहितेतही आहे.

‘तुला सुपरवायझर केले आहे.’ देखरेखीचे काम करणारा आणि महिन्याला १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारा माणूस संहितेच्या ‘कामगार’ व्याख्येतून वगळला आहे. पण ओळखपत्रावर काय छापले आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करतो, हे पाहिले जाते. दिवसभर खोकी उचलणारा माणूस हुद्द्याच्या नावाने साहेब होत नाही.

‘जादा तासांऐवजी एक सुट्टी घे.’ साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम घेतले तर बदली सुट्टी द्यावी लागते, ती वेगळी गोष्ट. जादा तासांचे दुप्पट पैसे सुट्टी देऊन फेडता येत नाहीत. चहा, वडापाव किंवा रात्रीचे जेवण देऊन तर नाहीच.

‘ओव्हरटाइम मागणार नाही, असे तू लिहून दिले आहेस.’ कायद्याने मिळणारे पैसे सोडून देणारा करार वेतन संहितेच्या कलम ६० नुसार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. सही केली असली तरी हक्क जात नाही.

आणि अठरा वर्षांखालील मुलांचा प्रश्नच नाही. त्यांच्याकडून ओव्हरटाइम घेताच येत नाही.

पैसे बुडाले तर दाद कुठे मागायची?

वेतन संहितेनुसार तीन वर्षांपर्यंतच्या थकबाकीचा दावा करता येतो. कामगार स्वतः, तो सदस्य असलेली नोंदणीकृत संघटना किंवा निरीक्षक, कुणीही अर्ज करू शकतो. अधिकारी थकीत रकमेसोबत तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो आणि तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा आहे. कमी पैसे दिल्याबद्दल मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

महत्त्वाचे म्हणजे, पैसे दिले नाहीत किंवा कमी दिले असा दावा असेल, तर पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. तरीही हातात काही असलेले बरे. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. कामावर आल्याची आणि निघाल्याची वेळ रोज लिहून ठेवावी. भिंतीवरच्या पाळीच्या वेळापत्रकाचा, हजेरीकार्डाचा, मीटरच्या चिठ्ठीचा फोटो ठेवावा. ‘आज थांब’ असा मुकादमाचा व्हॉट्सअॅप संदेश पुसू नये. पैसे खात्यात येत असतील तर त्या नोंदी जपाव्यात.

तक्रार कामगार आयुक्तालयाच्या स्थानिक कार्यालयात करायची. नोंदणीकृत कारखाना असेल आणि तासांच्या मर्यादा मोडल्या जात असतील, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही जाता येते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून मागे राहण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

आधी मोजा, मग वाढवा

सरकार म्हणते, तास वाढवल्याने गुंतवणूक येईल आणि जादा कामाचा मोबदला कामगाराला उघडपणे मिळेल. हे म्हणणे तपासायचे असेल तर भिवंडीइतकी चांगली जागा नाही. इथे बारा तास नवे नाहीत. नवी असेल ती फक्त त्यांची नोंद. शेलारच्या शेडमध्ये हजेरीपटावर येण्याची आणि जाण्याची वेळ लिहिली जात नसेल, तर १४४ तासांची मर्यादा कोण मोजणार? लेखी संमतीचा कागद कोण तपासणार? जो ओव्हरटाइम नोंदलाच जात नाही, त्याचा दर दुप्पट असला काय आणि दहापट असला काय, कामगाराच्या हाती सारखेच येते.

म्हणून मागणी साधी आहे. मर्यादा वाढवण्यापूर्वी सरकारने भिवंडीत आणि इचलकरंजी, मालेगाव, सोलापूरच्या मागांवर आजचे तास मोजावेत. मापावर काम करणाऱ्याच्या चिठ्ठीवर मीटरसोबत तासही लिहिणे सक्तीचे करावे. एका छपराखालचे, एकाच वीजजोडणीच्या आसपास वाटलेले माग एकच आस्थापना धरून तपासावेत. निरीक्षकाला आता ‘सुलभक’ही म्हटले जाते. त्याने मालकाचे काम सुलभ करताना कामगाराची वही एकदा उघडून पाहावी. दुप्पट दर कागदावर आहेच. तो मागापर्यंत पोहोचवायला नवा कायदा लागत नाही, भिंतीवर एक घड्याळ आणि त्याखाली खरी लिहिलेली हजेरी लागते.